सायकलचा सुटा भाग

२ फेब्रुवारी

ती. ताईस,

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. कोर्टात उलटतपासणी घेऊन घेऊन तुला ती सवयच लागली आहे. मी पडलो घड्याळं दुरुस्त करणारा, माझं वाक्य आपल्या गतीने चालतं. इथे सगळे बरे आहेत. हिची कंबर आता दुखत नाही. दुकानही बरं चाललंय. लोक हल्ली वेळ फोनवर बघतात, पण सासऱ्याने दिलेलं घड्याळ बंद पडलं की बायकोच्या धाकाने माझ्याकडेच येतात.

मुद्द्याचं लिहितो. माझ्या एका गिऱ्हाइकाला कायद्याचा सल्ला हवा आहे, अर्थात फुकट. त्याच्याकडे वडिलांच्या वेळचं एक जुनं यंत्र आहे. त्यातला एक लहानसा भाग नसल्यामुळे ते कित्येक वर्षं बंद आहे. बंद वस्तू डोळ्यांसमोर असली की या माणसाला जेवण जात नाही. त्याने तो भाग इंटरनेटवर शोधला, कुठल्याशा परदेशी दुकानातून मागवला, पैसे भरले. पार्सल बरेच दिवस कस्टममध्ये अडकलं. शेवटी आलं, तर वरच्या चिठ्ठीवर 'सायकलचा सुटा भाग' असं लिहिलेलं! मागवलं एक आणि लिहिलं दुसरंच, हे गिऱ्हाइकाला पटलेलं नाही. माणूस सरळमार्गी आहे. तर या खोट्या चिठ्ठीची तक्रार नेमकी कुणाकडे करावी, विकणाऱ्याकडे, पोस्टाकडे की कस्टमकडे? तिन्हीकडे केली तर चालेल का?

उत्तर लवकर दे. गिऱ्हाईक घाईत आहे.

तुझा,
धाकटा

७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

तुझं हे गिऱ्हाईक माझ्याच आईच्या पोटी जन्मलं आहे का रे? एका चिठ्ठीसाठी तीन कचेऱ्यांना तक्रार करायला निघालेला माणूस आपल्या घराबाहेर मी अजून पाहिलेला नाही. नळ ठिबकला तरी नाना पाणी खात्याला, आरोग्य खात्याला आणि वर्तमानपत्राला असे तीन अर्ज धाडायचे, आणि नळ शेवटी आई चिंधी बांधून थांबवायची.

आता खरं सांग. 'वडिलांच्या वेळचं यंत्र' म्हणजे दुकानामागच्या खोलीत भिंतीवर टांगलेली नानांची बंदूक ना? नाना धान्याच्या गोदामावर राखणदार होते तेव्हाची. त्यांचा परवाना संपला तेव्हा आतली खिळी, गोळीवर आपटते ती, काढून घेतली आणि मग ती शोभेची म्हणून आपल्याकडे राहू दिली. खिळी नाही म्हणूनच ती भिंतीवर आहे, हे लक्षात घे. ज्या दिवशी खिळी येईल त्या दिवशी ती शोभेची वस्तू राहणार नाही, बिनपरवान्याचं हत्यार होईल.

म्हणून नीट वाच. हत्याराचा सुटा भाग परवान्याशिवाय मागवणं हा गुन्हा. तो घरात बाळगणं हा दुसरा. चिठ्ठीवर भलतंच नाव घालून सरहद्दीपलीकडून आणणं हा तिसरा, आणि ती चिठ्ठी तू लिहिली नाहीस हे सिद्ध करता करता माझे उरलेले केस पिकतील. कुणालाही एक ओळ लिहू नकोस. तुमच्या गावात माझी एक मैत्रीण वकिली करते, तिचा पत्ता खाली दिला आहे. पार्सल आहे तसं उचल, तिला सोबत घे आणि पोलीस ठाण्यात जमा कर. आपणहून दिलं तर मला बोलायला जागा राहते.

वहिनीला सांगितलं आहेस का? नसणारच.

ताई

१३ फेब्रुवारी

ती. ताईस,

तू ओळखलंसच, तर आता लपवत नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण माझ्या मनात चोरीच नव्हती. गिऱ्हाइकाचा आडपडदा फक्त तू चिडू नयेस म्हणून घेतला होता.

पण तुझं म्हणणं मला पटत नाही. हे दुकान उघड्यावर चालतं, फोटो आहेत, किमती आहेत, वर घसघशीत सूटही आहे. शेकडो लोकांनी चांगलं म्हणून लिहिलंय. मी कार्डाने पैसे भरले, बँकेने 'हो' म्हटलं. कस्टमने कर घेतला, पावती दिली. पोस्टमनने सही घेऊन वस्तू हातात ठेवली, वर हसलासुद्धा. एवढ्या सगळ्यांनी मिळून गुन्हा केला आणि मला एकट्याला कळला नाही, असं कसं होईल?

तरी तुझा शब्द मोडायचा नाही म्हणून तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि त्यातूनच मार्ग काढला. तू लिहितेस, सुटा भाग बाळगणं हा गुन्हा. मान्य. म्हणून मी तो सुटा ठेवलाच नाही, बसवून टाकला. आता माझ्या घरात एकही सुटा भाग नाही, खुशाल कुणीही येऊन बघावं. मेल्याने माप चुकीचं पाठवलं होतं, काही केल्या बसेना. पण कानशीला काम दिल्यावर बसला. असा बसला आहे की नाना असते तर त्यांनी पुन्हा पुन्हा हात फिरवून बघितला असता. विकणाऱ्याच्या पानावर मी फक्त एक तारा दिला आणि 'माप चूक, गिऱ्हाइकाला कानस मारावी लागते' असं लिहून खाली दुकानाचं नाव-पत्ता घातला.

तक्रारीचं म्हणशील, तर कस्टमला एक अर्ज मी तुला पहिलं पत्र टाकायच्या आधीच केला होता, पार्सल अडकलं होतं तेव्हा. त्यांना नेमकं शोधता यावं म्हणून भागाची आकृती काढून दिली आहे, तिन्ही बाजूंनी, मापांसकट, कोणत्या बंदुकीत बसतो तेही लिहून. खाली सही आणि दुकानाचा शिक्का. निनावी अर्ज करायची आपल्या घराची रीत नाही.

धाकटा

१६ फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद लिहायला आज हात उचलत नाही.

अरे, सुटा भाग बाळगणं गुन्हा म्हणजे तो बसवणं पुण्य नव्हे! कालपर्यंत तुझ्याकडे एक निर्जीव बंदूक आणि एक लोखंडाचा तुकडा होता. आज चालणारी बंदूक आहे, परवाना नाही, आणि ती चालू केल्याची कबुली जगाला वाचता येईल अशी तू इंटरनेटवर एका ताऱ्यासह टांगली आहेस. आधीचं प्रकरण कदाचित दंडावर भागलं असतं. आताची शिक्षा वर्षांत मोजतात. तू तुरुंगात गेलास तर दुकानाला कुलूप लागेल आणि वहिनीने कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

आणि तो अर्ज! हात दाखवून अवलक्षण म्हणतात, तू तर हाताची तिन्ही बाजूंनी आकृती काढून दिलीस, शिक्का मारून. कस्टमवाले पार्सल विसरूनही गेले असते. पोस्टमन हसला म्हणतोस, तेव्हाच तुला कळायला हवं होतं. असं पार्सल कधी कधी मुद्दाम पोहोचू देतात, कोण घेतो ते बघायला.

आता नवी शक्कल काढू नकोस. भाग काढून गटारात टाकायचा विचारसुद्धा मनात आणू नकोस, पुरावा नष्ट करणं हा आणखी एक गुन्हा होतो. बंदुकीला हात न लावता माझ्या मैत्रिणीला बोलाव. आजच.

मला भीती वाटते रे. एवढ्या वर्षांत मी शेकडो लोकांसाठी उभी राहिले, पण त्यातलं कुणी माझा भाऊ नव्हतं.

ताई

२५ फेब्रुवारी

ती. ताईस,

तुझं पत्र आलं त्याच सकाळी कस्टमवाले आणि पोलीसही आले. मी तुझ्या मैत्रिणीला फोन लावणारच होतो, चष्मा शोधत होतो.

माणसं सभ्य होती. दारातच त्यांनी माझा अर्ज काढून दाखवला, त्यावर आवक-जावकचे सगळे शिक्के व्यवस्थित पडलेले होते. मोठे साहेब म्हणाले, "आकृती फर्स्टक्लास काढलीत हो. आम्हाला शोधावं काही लागलंच नाही." मला बरं वाटलं हे कबूल करतो. मग त्यांनी बंदूक उतरवली, पार्सलचा खोका घेतला, माझ्या कानशी घेतल्या. बारीक दात्यांची जर्मन कानस घेतली तेव्हा मात्र मी 'जपून धरा' म्हटलं. समोरचा शिंपी टेप गळ्यात घालून दारात उभा होता. शेजारची चहावाली हातातलं भांडं विसरून बघत होती. ही आतून आली, भिंतीवर जिथे बंदूक होती तिथे बघितलं आणि मला म्हणाली, "तुम्ही मला घड्याळाचा भाग मागवलाय म्हणून सांगितलं होतं." बस, तेवढंच. त्यानंतर आजपर्यंत माझ्याशी बोललेली नाही. जेवण वाढते, बोलत नाही.

ठाण्यात दिवसभर बाकावर बसलो. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बंद होतं. मी म्हटलं, स्टूल दिलंत तर बघतो. नको म्हणाले. संध्याकाळी तुझ्या मैत्रिणीने जामिनावर सोडवून आणलं. कागदावर माझं नाव वाचलं, त्याच्यापुढे 'आरोपी' लिहिलं होतं. ताई, मी आयुष्यात कुणाच्या घड्याळातला एक खडाही चोरून बदलला नाही. आता चिमट्यातून स्क्रू निसटतो. या हातांवर माझं पोट आहे.

मला वाचव.

धाकटा

१९ एप्रिल

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

बसून वाच. शक्य असेल तर वहिनीसमोर वाच, म्हणजे ती बोलायला लागेल.

तज्ज्ञाचा अहवाल आला. तुझ्या त्या परदेशी दुकानदाराने तुला सरळ सरळ फसवलं आहे. त्याने पाठवलेला तुकडा बंदुकीचा नव्हताच. तो सायकलच्या ब्रेकमधला खिळा आहे. म्हणजे ज्या चिठ्ठीवर तू एवढा भडकलास, ती त्या सगळ्या व्यवहारातली एकमेव खरी गोष्ट होती! अहवालात पुढे लिहिलंय की, "सदर तुकडा ओबडधोबड घासून बसवण्याचा अकुशल प्रयत्न झालेला दिसतो, त्याने बंदूक चालू शकत नाही." त्यांनी चाचणी घेतली. टक् झालं आणि थांबलं.

देव कुणाच्या रूपात येईल सांगता येत नाही. इथे भामट्याच्या रूपात आला. आता चालू हत्यार बाळगल्याचं कलम टिकत नाही, खोट्या चिठ्ठीचंही नाही. उरतो तो फक्त विकत घ्यायचा प्रयत्न. फसलास म्हणून तो माफ होत नाही, मागवायचं मनात होतंच. पण वय, स्वच्छ पूर्वायुष्य आणि तुझा तो बावळट अर्ज बघून सरकारी वकील दंड, चांगल्या वागणुकीची हमी आणि बंदूक जप्त एवढ्यावर तयार आहेत. पुढच्या महिन्यात तारीख आहे. तिथे अहवाल वाचून 'मान्य' म्हणून सही करायची आणि घरी यायचं.

खोटं बोल असं मी सांगणार नाही. पण तुझ्या तोंडून कबुली काढणं हे त्यांचं काम आहे, आपणहून देणं हे तुझं नाही. तोवर तोंड आणि पेन दोन्ही बंद.

ताई

२४ एप्रिल

ती. ताईस,

अहवाल वाचला. अकुशल?

सायकलचा खिळा आहे हे मला पहिली कानस मारल्यावरच कळलं होतं, तुला लिहिलं नाही इतकंच. धातू बोलतो, ताई. म्हणून तर काम अवघड होतं आणि म्हणून तर ते नीट जमल्याचा मला आनंद होता. अस्सल भाग कुणीही बसवेल. मी सायकलच्या ब्रेकमधून तो घडवला, आणि हा कोण कुठला तज्ज्ञ, ज्याने उभ्या जन्मात केसाएवढी तार वळवलेली नाही, तो मला ओबडधोबड म्हणतो? बंदूक चालते. त्यालाच चाचणी घेता आली नाही. वर्षानुवर्षं सुकलेल्या यंत्राला आधी तेल द्यावं लागतं हे शेंबडं पोरही सांगेल.

त्याच्या वरिष्ठांना अर्ज लिहून ठेवला आहे. भाग कसा तयार केला, कोणत्या कानशीने, सगळं. शेवटी मागणी केली आहे की माझ्यासमोर पुन्हा चाचणी व्हावी. सोमवारी टाकतो. पाकिटाला तिकीटसुद्धा लावलंय.

तू म्हणशील, वेडा झालाय. पण तुला ठाऊक आहे, नानांनी स्वतःचं मनगटी घड्याळ कधी माझ्याकडे दिलं नाही. मागच्या गल्लीतल्या त्या माणसाकडे द्यायचे, माझ्या दुकानावरून चालत जाऊन. गेल्यावर ते घड्याळ माझ्या वाट्याला आलं, पण मी अजून उघडलेलं नाही, खणात पडून आहे. माझ्या नावाने बंदुकीचा परवानाही होऊ शकला असता, पण त्यांनी सरकारला ती निकामी करू दिली. त्यांची एक वस्तू मला चालू करून दाखवायची होती. ती मी केली. आणि आता कागदावर लिहून सही करू, की मला जमलं नाही?

धाकटा

२७ एप्रिल

धाकट्या,

हे पत्र मी माणसाबरोबर हातोहात पाठवते आहे, सोमवारच्या आत मिळावं म्हणून. सोबत आलेला माझा कारकून आहे. तुझं वाचून होईपर्यंत तो दुकानात बसून राहील, त्याला तसं सांगितलंय.

आधी वकील म्हणून. तो अर्ज गेला तर भामट्याने वाचवलेला माणूस स्वतःच्या अक्षरात स्वतःला बुडवेल. बंदुकीचा भाग विकत घेण्यापेक्षा घडवणं हा मोठा गुन्हा आहे. आज दंडावर सुटतोयस, मग माझ्याच्याने सोडवणं होणार नाही.

आता बहीण म्हणून. बंदूक सरकारने निकामी केली हे तुला कुणी सांगितलं? मी त्या दिवशी नानांच्या बरोबर कचेरीत होते. साहेब म्हणाले, मुलाच्या नावे परवाना करून देतो. नाना म्हणाले, "नको. खिळी काढून घ्या, आणि ती घरी देऊ नका, तुमच्याकडेच वितळवा. माझा धाकटा आहे ना, त्याच्या हातात जादू आहे. तुम्ही खिळी मोडून दिलीत तरी तो बंदूक चालू करेल आणि एक दिवस अडचणीत येईल. त्याला रोखायला मला दुसरं काही सुचत नाही." साहेब हसले. नाना हसले नाहीत. त्यांना खरोखर धास्ती होती.

तुला हे आजवर सांगितलं नाही, कारण तू फुगला असतास आणि पहिलं काम म्हणजे खिळी शोधायला निघाला असतास. घड्याळाचं मला माहीत नाही. त्याबाबतीत म्हातारा चुकलाच, आणि तोंडावर कौतुक करणं तर त्याला कधीच जमलं नाही. पण तुला काय जमतं हे त्या तज्ज्ञाला कळलं नसेल, नानांना पक्कं ठाऊक होतं. तुला आणखी कुणाची सही हवी आहे?

ताई

२१ मे

ती. ताईस, साष्टांग नमस्कार.

पाकीट कुठलं ते ओळखलंस ना? वर तज्ज्ञाच्या वरिष्ठांचा पत्ता खोडून तुझा घातला आहे. तिकीट लावलेलं होतं, वाया कशाला घालवायचं? आतला अर्ज बंबात गेला. तुझा कारकून पाणी तापेपर्यंत थांबला होता.

काल तारीख झाली. तुझ्या मैत्रिणीने अहवाल वाचून दाखवला. 'अकुशल' हा शब्द तिने जरा भरभर वाचला, बाई चांगली आहे. मग न्यायाधीश म्हणाले, "तुम्हाला काही सांगायचं आहे?" ताई, आपल्या घरातल्या माणसाला हा प्रश्न विचारायचा! मागे ही बसली होती. तिचा श्वास मला ऐकू आला. मी म्हटलं, "नाही साहेब." आणि जमलं नाही म्हणून सही केली. बाहेर आल्यावर ही पायरीवर बसून रडली आणि मग मला म्हणाली, "चला, घरी." फेब्रुवारीनंतर तिने आपणहून म्हटलेला पहिला शब्द.

दंड भरला. कानशी परत मिळाल्या, जर्मनसुद्धा. बंदूक वितळवणार आहेत. ते काम नीट होतंय की नाही बघायला मी हजर राहू का, असं विचारावंसं वाटलं होतं, विचारलं नाही.

भिंतीवर खिळा तसाच आहे. आज तिथे नानांचं घड्याळ टांगलं. टांगण्याआधी पहिल्यांदाच मागचं झाकण उघडून बघितलं. त्या मागच्या गल्लीतल्या माणसाने आत काय करून ठेवलंय म्हणून सांगू! एक स्क्रू दुसऱ्याच घड्याळाचा, तेल नको तिथे, पट्टी वाकडी. तीन कचेऱ्यांना अर्ज करावा असं काम आहे. तरी किल्ली दिली की ते चालतंय, थोडं मागे पडून.

मी तसंच झाकण लावलं.

तुझा,
धाकटा